बुडालेल्या जहाजावरच्या वस्तूंना पावसाळ्यात पाणी सुटतं, उपाय काय?

संग्रह_सोलापूर:
सोलापुरातल्या एका शाळेच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या मालवाहू जहाजाचे लोखंडी बोल्ट आणि पोर्टहोलचं (जहाजाच्या गोल खिडकीचं) पितळी कडं आहे. उन्हाळाभर काही नाही. जुलै लागला की बोल्टवर नारिंगी थेंब येतात, पापुद्रे सुटतात, पितळेवर फिकट हिरवी भुकटी धरते. घासून तेल लावलं तरी पुन्हा तेच. समुद्रात टिकलं ते कपाटात का सडतंय?

धातुजतन:
तेल बंद करा. आत मुरलेलं क्लोराइड, म्हणजे समुद्राच्या मिठातला अंश, सोलापूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये गप्प असतं, दमट हवेत ओलावा ओढतं. ते थेंब आम्लधर्मी असतात, खालचं लोखंड खात जातात.

बोल्टवरचं तेल अ‍ॅसिटोनने काढा. मग २ टक्के कॉस्टिक सोडा, म्हणजे लिटरभर द्रावणात २० ग्रॅम. सोडा पाण्यात थोडाथोडा टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. हातमोजे, चष्मा हवाच. भांडं झाकणाचं, प्लास्टिकचं; अ‍ॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन सुटतो. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं. द्रावण दर दोन-तीन आठवड्यांनी बदला. हे काम महिनोन् महिने चालतं, घाई केली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा थेंब.

कडं या द्रावणात घालू नका, पितळेतलं जस्त विरघळतं. त्यासाठी लिटरला २४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा आणि १९ ग्रॅम खाण्याचा सोडा.

प्रयोगशाळा_कट्टा:
क्लोराइड संपलं का, हे सिल्व्हर नायट्रेटने बघा. पण द्रावणातून काढलेला नमुना आधी नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करा, नाहीतर तपकिरी साका येतो आणि निकाल फसवा निघतो. पांढरा गढूळपणा आला तर द्रावण बदला.

संग्रह_सोलापूर:
कड्यात एक लोखंडी स्क्रू घट्ट बसलाय. काढू?

धातुजतन:
जोर लावू नका, कडं तडकेल. पूर्ण वस्तू पितळेच्या द्रावणातच ठेवा. स्क्रू सावकाश सुटेल किंवा तसाच राहील, दोन्ही चालेल.

जुनी_जहाजं:
समुद्रात टिकण्याचं कारण ऑक्सिजनचा अभाव. १९४१ मध्ये पाणतीराने बुडालेल्या ‘गैरसोप्पा’ जहाजावरची शेकडो पत्रं सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून वाचता येण्याजोगी वर आली, ती गाळाखाली हवाबंद राहिल्यामुळेच. वर काढल्यावर जी वस्तू ओली ठेवायला हवी होती, ती वाळवली की मीठ आत स्फटिक होऊन तिला फोडतं.

धुतल्यावर बोल्ट हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, त्याच्या वजनाइतक्या कोरड्या सिलिका जेलसह ठेवा. लोखंडाला आर्द्रता १५ टक्क्यांखाली हवी, पितळेला ४० खाली पुरते. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवाच. आणि तोफगोळा किंवा काडतूस असेल तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवा.