आईला 'मेंदूचं डाएट' लावायचं का? मला तरी पटत नाहीये

तिरपागडा: आई ७६ वर्षांची, नावं विसरते, तेच तेच परत विचारते, बाकी ठणठणीत. ताईने कुठेतरी माइंड डाएटबद्दल वाचलं आणि आता घरात पालेभाज्या, बेरी, अक्रोड, ऑलिव्ह ऑइल, मासे एवढंच चालतं, गोड दिसलं की ताई ताटातून उचलून नेते. आई अगदी रडकुंडीला आलीये. म्हणून मी जरा शोधाशोध केली. २०१५ मध्ये शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीतल्या मार्था क्लेअर मॉरिस यांच्या टीमला हे डाएट सगळ्यात जास्त पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचा धोका ५३ टक्के कमी दिसला, आणि तेव्हापासून तोच आकडा सगळीकडे फिरतोय. पण ती नुसती निरीक्षणं होती, काय खाता विचारायचं आणि साडेचार वर्षं बघायचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली ट्रायल २०२३ मध्ये आली, ६०४ माणसं, ३ वर्षं, आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन गटांत दखल घेण्यासारखा फरक नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

मधली_सुट्टी: शोधाशोध केलीत पण अर्धीच केलीत. दुसऱ्या गटाला काही मोकाट सोडलं नव्हतं. त्यांनाही कॅलरी कमी करायला लावल्या, सल्ला द्यायला माणसं होती, वजन दोन्ही गटांचं साधारण ५ किलो उतरलं आणि चाचण्यांत दोन्ही गट सुधारले. मग फरक दिसणार कुठून? शिवाय अल्झायमरची मेंदूतली पडझड लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेली असते, तिथे ३ वर्षं म्हणजे काहीच नाही.

तिरपागडा: मग लांब पल्ल्याचा घ्या. लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास, ८ हजारांवर माणसं, सरासरी जवळजवळ २५ वर्षं मागे लागून. पन्नाशीत चांगलं खाणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी झाला असं काही निघालं नाही. उलट डिमेन्शियाची सुरुवात झाली की माणसाचं खाणंच बदलतं, कधी जेवायचंच विसरतात, म्हणजे थोड्याच वर्षांच्या अभ्यासात आपण परिणामालाच कारण समजून बसतो.

मधली_सुट्टी: हा मुद्दा मान्य. तरी आहाराने काहीच होत नाही हे काही मी ऐकून घेणार नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉलने खराब होतात आणि ही तिन्ही ताटातून बऱ्यापैकी हलतात. फिनलंडच्या फिंगर ट्रायलमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांना २ वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तर नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा ते चाचण्यांत पुढे राहिले.

तिरपागडा: एकत्र दिलं ना! मग श्रेय अक्रोडाला कसं देता?

गोळीबार: एवढा वाद कशाला, गिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची कॅप्सूल चालू करा, माझ्या साडूंना फरक पडला.

मधली_सुट्टी: अहो, ३ हजारांवर वृद्धांवर तिची ट्रायल झाली, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया काही टळला नाही. साडूंना शुभेच्छा.

रात्रपाळी: मी म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम करते, म्हणून जरा वेगळं सांगते. तुम्ही दोघं ट्रायल ट्रायल खेळताय, पण त्या माइंड ट्रायलमधली माणसं जाड होती आणि त्यांची स्मरणशक्ती शाबूत होती हे कुणी बोललंच नाही. तुमच्या आईचं तसं नाही. या वयात वजन उतरणं मला तरी धोक्याची घंटा वाटते, जेवणावरची वासना गेली की प्रथिनं कमी पडतात, स्नायू जातात, मग एक दिवस पडणं. आधी आईचं वजन बघा. बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासलंय का? मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरभोळेपणा येतो, तो वेळेत पकडला तर सुधारतो. आणि कान! ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? ताटाच्या नादात लोक ते विसरतातच.

पाटीपुसणी: मी त्यातली ताई. हँडल बघूनच ओळखलं रे तुला, शाळेत सर तुला हेच म्हणायचे. सगळ्यांना सांगतेय, गोड मी काढून घेते कारण आईची शुगर जास्त आहे, हे या साहेबांनी इथे लिहिलंच नाही. वर्षातून दोनदा येऊन आईला मिठाई खाऊ घालायची आणि परत जाऊन मला व्हाइटहॉल शिकवायचं!

तिरपागडा: ताई तू इथे कधीपासून?! शुगरचं राहिलं, चूक झाली. पण आई फोनवर रडते हेही खोटं नाही ना.

पाटीपुसणी: नाहीये खोटं. महिनाभरात २ किलो उतरलीये, मला वाटत होतं चांगलंच चाललंय. रात्रपाळी ताई, ॲसिडिटीची गोळी ती ९ वर्षं घेतेय, बी१२ कधीच केलं नाही, उद्या रक्त द्यायला नेते. आठवड्यातून एकदा थोडं गोड देईन, डॉक्टरांना विचारून. अक्रोड मात्र बंद होणार नाहीत.

तिरपागडा: अक्रोड बारीक कुटून तरी दे, तिची कवळी सैल झालीये.