मदत हवी आहे: मण्यार की कवड्या?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी तळमजल्यावर राहतो. परवा रात्री साडेदहाला सोसायटीच्या पाण्याच्या पंपाजवळ साप दिसला. हातभर लांब, तपकिरी, अंगावर पांढरट पट्टे. वॉचमनकाका म्हणाले मण्यार, शेजारचे म्हणाले कवड्या, काही करत नाही. तेवढ्यात कोणीतरी काठी आणली. मी मारू दिलं नाही, टॉर्च धरून लांब उभा राहिलो. साप सरसर भिंतीवर चढला आणि फटीत शिरला. फोटो हलला आहे, पण पट्टे मानेपासूनच सुरू होते आणि शेपटीकडे पुसट होत गेले, हे नक्की पाहिलं.

आई ७२ वर्षांची, जमिनीवर गादी टाकून झोपते. म्हणून जीव टांगणीला लागलाय. एवढ्या खुणांवर कवड्या म्हणता येईल का?

प्रतिसाद १

दादा, वर्णन कवड्याचंच वाटतं. पाली खायला तो भिंती चढतो. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिचे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेच्या बरंच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले असतात, पण ते मोजण्याइतकं जवळ कोणी जाऊ नये.

तरी या खुणांवर जीव सोपवू नका. मण्यारीच्या पिल्लांना पुढच्या भागातही पट्टे असू शकतात. रात्री पट्ट्यांचा साप दिसला की मण्यार धरूनच वागायचं. आईंना आजपासून पलंगावर झोपवा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार झोपेत चावली तर दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे ॲसिडिटी समजून बसतात. अशा वेळी थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. साप पुन्हा दिसला तर नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ वर कळवा.

धागाकर्ता

मनापासून आभार, ताई. आई कुरकुरली, पण पलंगावर झोपली. पंपामागे जुन्या विटांचा ढीग आहे, तो रविवारी उचलू का?

प्रतिसाद १

उचला, पण लख्ख उजेडात आणि गमबूट घालून. प्रत्येक वीट आधी लांब काठीने हलवा, मगच हात लावा.