मदत हवी आहे: कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांशी बोलायचंय

नमस्कार मंडळी. सांगलीत कॉमर्समध्ये पीएचडी करतेय. विषय खेळत्या भांडवलाचा: माल दिल्यावर पैसे अडकले की छोटा कारखाना पगार, वीजबिल, कच्चा माल कसा भागवतो?

कायदा तर भक्कम आहे. २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे रखडवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय कर आकारणी वर्ष २०२४-२५पासून सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत न भागवणाऱ्याला ते प्रत्यक्ष भागवेपर्यंत आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. (व्यापाऱ्यांना 'उद्यम' या सरकारी उद्योग-नोंदणीचा फायदा फक्त प्राधान्यक्षेत्र कर्जापुरता, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या कर्जापुरता; उशिरा पैशांबाबतचं हे संरक्षण त्यांना नाही, म्हणून हळदीची पेठ मी वगळलीय.)

पण ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या कुणीच हे व्याज मागितलेलं नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल, ही भीती. मला हेच नीट मांडायचंय, आकड्यांसकट.

अडचण अशी की ताळेबंद म्हटलं की माणसं गप्प होतात, आणि ते साहजिकच आहे. त्याऐवजी फक्त 'बिल ते जमा' किती दिवस लागले एवढंच विचारलं तर अभ्यासाला पुरेल का? वसुलीचा हिशेब सांभाळणारे अकाउंटंट, सीए इथे असतील तर कृपया सांगा. आणि कुणी कारखानदार अर्धा तास देणार असेल तर मी येईन. नाव, फर्म कुठेही छापणार नाही.