मित्र जाऊन दोन महिने झाले, त्याचा नंबर अजून शाळेच्या ग्रुपमध्ये आहे. काय करावं?

मागचाबाक

नमस्कार मंडळी. विषय थोडा विचित्र आहे पण कोणाला विचारावं कळेना म्हणून इथे लिहितोय.

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ४१ जण. गाव छोटं, शाळा एकच, त्यामुळे पहिलीपासून तीच तोंडं. त्यातला एक दोन महिन्यांपूर्वी गेला. अटॅक. आम्ही त्याला पंप्या म्हणायचो कारण त्याच्या सायकलच्या दांडीला कायम पंप बांधलेला असायचा, लांबून सायकलवर येणाऱ्या कोणाच्याही चाकातली हवा गेली की पंप्या हजर. बाकी आम्ही सगळे नोकरीच्या मागे पांगलो, गावात राहिलेला तो एकटाच. माझ्या आईबाबांकडे दर आठवड्याला चक्कर मारायचा, व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, बाबांचा चष्मा तुटला की घेऊन जायचा. मला वाटायचं आपल्या जुन्या दोस्तीमुळे आपल्याच घरी जातो. तो गेल्यावर ग्रुपवर कळलं की असं अकरा जणांना वाटत होतं.

आता मुद्दा. परवा मी ग्रुपवर वर्गाचा जुना फोटो टाकला आणि कोणी कोणी बघितला म्हणून मेसेजची माहिती उघडली, तर 'वाचले'च्या यादीत त्याचं नाव. अंगावर काटाच आला. नंतर डोकं ठिकाणावर आलं, फोन वहिनींकडे असणार. पण तेव्हापासून ग्रुप एकदम गप्प झालाय. एक जण म्हणतो नंबर काढून टाकू, वहिनींना उगाच त्रास. दुसरा म्हणतो त्याला काढायची हिंमत असेल त्याने काढावं. ॲडमिन मी आहे, म्हणजे बटण माझ्याच हातात. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आलीये का?

वायरमन

भावना बाजूला ठेवून आधी कामाचं सांगतो, कारण हे उशिरा कळलं तर उपयोग नाही.

तुम्ही काही केलं नाही तरी तो नंबर कायम राहणार नाहीये. व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस वापरलं गेलं नाही तर अकाउंट आपोआप डिलीट होतं आणि ग्रुपमध्ये 'बाहेर पडले' अशी ओळ येते. आमच्या ग्रुपमध्ये एकाची ती ओळ भर दुपारी आली, तीन जणांनी मला फोन केले. आणि सिमचं रिचार्ज थांबलं तर कंपनी काही काळाने तो नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. मित्राच्या नावाने सेव्ह केलेल्या नंबरवर एके दिवशी कोणा अनोळखी माणसाचा गॉगलवाला फोटो दिसतो, ते फार वाईट असतं राव. घरच्यांना नंबर ठेवायचा असेल तर सिम चालू ठेवायला सांगा.

तुमच्या ग्रुपमधला त्याचा आवाज, म्हणजे व्हॉइस मेसेज, आजच बाजूला काढा. चॅट एक्स्पोर्ट करता येतं पण मीडियासकट फक्त शेवटचे १०,००० मेसेज मिळतात, मीडियाशिवाय ४०,०००. ४१ जणांचा ग्रुप म्हणजे गुड मॉर्निंगमध्येच तेवढे संपले असतील, म्हणून व्हॉइस मेसेज एकेक करून सेव्ह केलेले बरे.

फेसबुकवर होता का? वाढदिवसाला नोटिफिकेशन येईल आणि कोणीतरी माहीत नसलेला 'जुग जुग जियो' टाकेल. त्यासाठी ते प्रोफाइल स्मृतीखातं करता येतं, मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो, मित्रही विनंती करू शकतात. पण घरच्यांना विचारल्याशिवाय करू नका!! एकदा झालं की पासवर्ड माहीत असला तरी त्यात कोणालाच लॉगिन करता येत नाही. वहिनींना त्यातले मेसेज, फोटो हवे असतील तर आधी ते काढून घेऊ देत.

उन्हातली_वही

मी दुसऱ्या बाजूची आहे. तुमच्या त्या वहिनींच्या जागेवरची. माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली आणि त्यांच्या शाळेचा ग्रुप मी अजून वाचते.

आधी नुसते हार आणि हात जोडलेले येत होते, ते मी वाचायचे नाही. मग एका रात्री कोणीतरी लिहिलं की हा गणिताच्या तासाला खिडकीतून उडी मारून पळाला आणि खाली हेडसरच उभे होते. मी बावीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, मुलांच्या अभ्यासावरून घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि हे मला माहीत नाही! मोठ्याने हसले मी, मुलगी उठून बाहेर आली. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की मी वाचते, तेव्हापासून सगळे एकदम सभ्य झाले. 'वहिनी काळजी घ्या' वगैरे. तो ग्रुप माझ्यासाठी तेव्हा बंद झाला खरं तर.

दादा, नंबर काढू नका, आणि काढायचाच असेल तर त्यांना विचारून काढा. आपण होऊन काढलंत तर त्या पुन्हा कधी यायचं म्हणणार नाहीत, आम्ही म्हणत नाही.

तिसरी_घंटा

अरे पंप, ४१ जण, ॲडमिन... तूच आहेस ना रे? मी तुझ्या पुढच्या बाकावरचा, तू माझ्या शर्टावर शाई उडवायचास तो. ग्रुपवर मी गप्प असतो पण इथे रोज येतो.

ताई बरोबर बोलतायत, काढू नकोस. आणि तू इथे त्याचा अगदी संत करून टाकलास ते मला पटलं नाही. हवा सोडायचा कोण? पंप्याच! मी डोळ्यांनी बघितलंय, मधल्या सुट्टीत सायकल स्टँडला जाऊन वॉल्व सैल करायचा आणि शाळा सुटल्यावर 'अरेरे, थांब मी भरून देतो' म्हणत यायचा. मुलींच्या सायकली जास्त करून. हे ग्रुपवर लिही, नाहीतर मी लिहितो.

मागचाबाक

तिसरी घंटा, ओळखलं रे. शाईबद्दल सॉरी, तीस वर्षं उशिरा.

अपडेट देतो. काल वहिनींना फोन केला, म्हटलं नंबर राहू दे का? त्या म्हणाल्या राहू दे, रिचार्ज मुलगा करतो. आणखी काही बोलल्या नाहीत, मलाही सुचलं नाही. फेसबुकचं वर्षभर तरी तसंच ठेवायचं ठरलंय. व्हॉइस मेसेज २७ निघाले, त्यातले निम्मे नुसते 'हॅलो, ऐकू येतंय का' आहेत.

मग रात्री नऊला ग्रुपवर पंप्याच्याच नावाने मेसेज आला. मला माहीत असूनही दोन सेकंद हात थरथरला. लिहिलं होतं, 'यांना तुम्ही पंप्या का म्हणता? विचारलं की विषय बदलायचे.'

पाच मिनिटं कोणीच काही टाइप करेना. मग याने, तिसऱ्या घंटेने, ते हवा सोडण्याचं लिहिलं आणि जे सुरू झालं ते दीड वाजेपर्यंत. दोघी वर्गमैत्रिणी म्हणतायत आम्हाला तेव्हाच माहीत होतं, एक जण म्हणतो हवा सोडणारा मीच होतो, पंप्यावर आळ आला. वहिनी मध्येच एकदा 'आता कळलं' एवढंच म्हणाल्या. काय कळलं ते नाही सांगितलं. हवा नक्की कोण सोडायचं यावर अजून भांडण चालू आहे.