अभ्यासगटात दोघेतिघेच बोलतात. गट विभागण्यापूर्वी नवा गटप्रमुख कसा घडवावा?

प्रश्न (मिरज)

नमस्कार. आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) दर गुरुवारी संध्याकाळी घरोघरी बायबल अभ्यास चालतो आणि त्यांपैकी एका गटाची जबाबदारी काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. सुरुवातीला आम्ही सात-आठ जण होतो, तेव्हा प्रत्येक जण मोकळेपणाने बोलत असे. आता संख्या सोळा-सतरावर गेली आहे. बैठकीच्या खोलीत जागा पुरत नाही म्हणून काही जण स्वयंपाकघराच्या दारात बसतात, आणि चर्चा मात्र दोघातिघांपुरतीच उरली आहे. एक निवृत्त ज्येष्ठ बंधू प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सर्वांच्या आधी देतात. त्यांचा शास्त्राचा व्यासंग खरोखर दांडगा आहे आणि त्यांचा अवमान व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. रुग्णालयातील पाळी संपवून येणाऱ्या दोन तरुण परिचारिका मात्र शेवटपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. आणि निघताना, चपला घालता घालता, त्याच उताऱ्याविषयी एकमेकींशी इतके नेमके बोलतात की ते सर्वांसमोर का आले नाही याची मला हळहळ वाटते.

गटाचे दोन भाग करावेत आणि दुसऱ्या भागासाठी मीच कोणाला तरी तयार करावे, अशी पाळकसाहेबांची सूचना आहे. जुन्या सभासदांना विभागणीची कल्पनाच सहन होत नाही. शाळेत, कारखान्यात किंवा मंडळीत लहान गट चालवणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (माध्यमिक शिक्षक, सातारा)

ताई, संपूर्ण गटापुढे टाकलेला प्रश्न सर्वांत चपळ माणूसच उचलणार, हे वर्गात आम्ही रोज पाहतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात; तेच थांबणे ३ सेकंदांपर्यंत वाढवले की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. आपल्या गटात प्रश्न विचारून झाल्यावर आधी शेजारच्या व्यक्तीशी दोन मिनिटे बोलू द्यावे आणि मगच सर्वांकडून उत्तरे घ्यावीत. त्या दोघी निघताना जे बोलतात, ते मग बैठकीतच बोलले जाईल.

दुसरी पद्धत थोड्या तयारीची आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती, तेव्हा धड्याचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. उरलेला धडा कळायचा तर सोबत्याचे लक्षपूर्वक ऐकण्यावाचून कोणालाही गत्यंतर राहिले नाही. मी नववीच्या वर्गात इतिहासाचा पाठ असाच चार भागांत देतो. समान भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात आणि मग आपापल्या गटात परत जाऊन तो इतरांना समजावतात. त्यामुळे अबोल मूलही बोलायला उठते ते तयारीनिशी. आपण उताऱ्याचे चार भाग करून पाहावेत. ज्येष्ठ बंधूंनाही एकच भाग द्यावा, म्हणजे त्यांचा मान राहील आणि इतर तीन भागांच्या वेळी ते ऐकणारे होतील.

साताऱ्यात ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये येथे वसतिगृह सुरू केले तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि तेथील कामे स्वतः करीत. प्रत्येकाच्या वाट्याला नेमके काम आले की कोणीही नुसता श्रोता राहत नाही.

उत्तर २ (उत्पादन विभाग, कुपवाड औद्योगिक वसाहत)

सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. फक्त मोठ्या माणसांच्या बाबतीत थोडी भर घालतो. जपानमध्ये १९६२ पासून सुरू झालेली क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामातील अडचणी कामगारांनीच एकत्र बसून सोडवण्याची, पद्धत आमच्याकडेही चालते आणि तिच्यात साधारणपणे सहा ते दहा जणांचा गट असतो. संख्या वाढली की माणूस अंग राखून वागतो, आणि त्यात आळसापेक्षा आपल्यावाचून काही अडत नाही ही भावना अधिक असते. फ्रान्समधील मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांतून हेच दाखवले होते: माणसे वाढत गेली तशी प्रत्येकाची सरासरी ओढ कमी होत गेली. म्हणून सोळा-सतरा जणांचा गट विभागावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या पाळीला एकच मुद्दा सांगायचा, सुचत नसेल तर "पुढे" म्हणायचे, आणि सर्व मुद्दे फळ्यावर लिहून होईपर्यंत कोणीही कोणाला खोडायचे नाही, असा दंडक आहे. एकदा यंत्रावरील कामाच्या पृष्ठभागावर सतत दोष येत होता आणि आम्ही सारे हत्याराला दोष देत होतो. दोन फेऱ्यांत "पुढे" म्हणणाऱ्या रात्रपाळीच्या ऑपरेटरने तिसऱ्या फेरीत सांगितले की कूलंटची (यंत्रकाम थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी कमी झाली की तिच्यात नुसते पाणी ओतले जाते आणि ते पातळ होते. त्याला ते ठाऊक होते. त्याची पाळी येईपर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

नवा प्रमुख निवडताना सर्वांत जाणकार माणूस शोधू नये. गैरहजर सभासदाला स्वतःहून फोन करणारा, दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण होऊ देणारा माणूस पाहावा. त्याला आधी प्रार्थना किंवा एक प्रश्न चालवायला द्यावा, मग संपूर्ण बैठक द्यावी आणि आपण बाजूला बसून मध्ये बोलू नये. बैठकीनंतर दोघांनीच दहा मिनिटे बसून काय जमले आणि कोठे अडले ते बोलावे. शेवटी एखाद्या गुरुवारी आपण मुद्दाम अनुपस्थित राहावे.

आणखी एक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाचे चार टप्पे सांगितले: जुळणी, खटके, घडी बसणे आणि मग काम. विभागणीनंतर नवाच नव्हे, उरलेला गटही पुन्हा पहिल्या टप्प्यावर जातो. ते दिवस अवघड जातील, एवढे सभासदांना आधीच सांगून ठेवावे.

उत्तर ३ (मंडळीतील एक वडील म्हणजे एल्डर, सातारा)

प्रिय भगिनी, वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी मंडळीचा गट हा उत्पादनासाठी नसतो, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. १७४२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बारा जणांचे गट केले आणि प्रत्येक प्रमुखाने दर आठवड्याला घरोघरी जाऊन एक पेनी गोळा करावी असे ठरवले. प्रमुख दारात गेले तेव्हा कोणाच्या घरी काय चालले आहे ते त्यांना दिसले, आणि वर्गणीसाठी केलेली ही रचना एकमेकांची काळजी वाहण्याचे साधन झाली. सतरा जणांच्या घरी आपण दर महिन्याला जाऊ शकता का? नसाल, तर विभागणीचे खरे कारण तेच आहे आणि जुन्या सभासदांना तेच सांगावे. बायबलमध्ये इथ्रोने आपला जावई मोशे याला दहादहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला तोही मोशे आणि लोक दोघेही थकून जातील म्हणूनच (निर्गम १८).

ज्येष्ठ बंधूंना नव्या गटाचे प्रमुख करू नये. नव्या प्रमुखाने गुरुवारपूर्वी उतारा त्यांच्याकडे जाऊन समजून घ्यावा. त्यांच्या व्यासंगाला तेथे खरा वाव मिळेल. गटात सांगितलेले दुःख गटाबाहेर जाणार नाही, हा शब्दही दोन्ही गटांत पहिल्याच दिवशी सर्वांकडून घ्यावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. दोघी परिचारिकांपैकी एकीमध्ये उत्तर २ मध्ये सांगितलेले गुण आहेत, परंतु तिची पाळी दर आठवड्याला बदलते. अशा वेळी काय करावे?

उत्तर २ कडून पुन्हा

दोघींनाही एकत्र नेमावे. पाळीचा तक्ता हाती आला की कोणता गुरुवार कोणी चालवायचा ते त्यांनीच ठरवावे, आणि दोघी एकदमच कामावर असतील त्या आठवड्यापुरती आपण तिथे जावे.