देशमुख काकांचा ट्रॅक

देशमुख काका (बी-७०२): सुप्रभात मंडळी. तुमच्याकडे सकाळ, आम्ही इथे जेवून बसलोय. आज लेकाने इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या हिल्सबरोला नेलं होतं. डरहॅमपासून वीस-पंचवीस मिनिटं. ईनो नदीच्या काठाने जंगलातली पायवाट आहे. चालता चालता सूनबाई म्हणाली, बाबा, आपण रेसच्या ट्रॅकवरून चाललोय. पाटी वाचली तेव्हा पटलं. ऑकोनीची स्पीडवे. नॅसकार म्हणजे इथली मोटार शर्यती भरवणारी मोठी संस्था. १९४९ साली त्यांच्या स्टॉक कार रेसचा पहिला सीझन झाला, आठ रेसचा. त्यातली तिसरी इथे, ७ ऑगस्टला. फोटो टाकतो.

देशमुख काका (बी-७०२): 📷 📷 📷

जाधव (ए-२०३): काका, यात नुसती झाडं दिसतायत 😄

देशमुख काका (बी-७०२): तेच तर. कडेला पाइन आणि सिकॅमोर मातलेत. पण वळण पायांना कळतं. एक फेरी ०.९ मैल, म्हणजे साधारण दीड किलोमीटर धरा. टेकडीच्या उतारावर सिमेंटच्या पायऱ्या अजून आहेत, पब्लिक तिथे बसायचं. माती लालभडक, आपल्या कोकणातल्यासारखी. माझे पांढरे बूट कामातून गेले.

सेक्रेटरी पाटील: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठीच वापरावा. आज टँकर ११ ला येईल. बी विंगने पाणी जपून वापरावे.

जोशी काकू (बी-३०१): पाटील भाऊ, टँकर येईपर्यंत तरी वाचू द्या. देशमुख, बंद कधी पडला हो हा?

देशमुख काका (बी-७०२): १९६८ ला. शेवटची रेस १५ सप्टेंबरला, नॅसकारचा गाजलेला ड्रायव्हर रिचर्ड पेटी जिंकला. पण खरी गंमत पुढे आहे. त्या पायऱ्यांवर एक म्हातारबुवा बसले होते. काठी, टोपी, ऐंशीच्या घरातले. लेकाने विचारलं, तुम्ही रेस बघायला यायचात का? तर म्हणे, बघायला नाही, पळवायला. आठवडाभर इथल्याच कापडगिरणीत पाळी करायची आणि शनिवार-रविवार आसपासच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी न्यायची. तासभर हलू दिलं नाही आम्हाला.

जाधव (ए-२०३): काय सांगत होते?

देशमुख काका (बी-७०२): कुठला कप मिळाला वगैरे एक अक्षर नाही. सगळं धुळीचं. रेसच्या आधी ट्रॅकवर पाणी मारायचे. चार-सहा फेऱ्यांत ते उडालं की पुढची गाडी दिसेनाशी व्हायची. नाकाला ओला रुमाल बांधायचा. वळण जवळ आलं हे पुढच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज उतरला की समजायचं. घरी गेल्यावर आई दारातच थांबवायची आणि आधी नळीने धुवायची. दोन दिवस थुंकी लाल. आणि नदीपलीकडून फुकटे यायचे, पँट डोक्यावर बांधून. लहानपणी हे स्वतः त्यातलेच!

काळे (सी-५०४): देशमुख, आता माझं डोकं चाळवलंत. तेव्हाच्या गटाचं नाव होतं 'स्ट्रिक्टली स्टॉक'. शोरूममधून गाडी जशी येते तशीच पळवायची. दार उघडू नये म्हणून पट्ट्याने बांधायला परवानगी, पण इंजिन-सस्पेन्शनला हात लावायचा नाही. पहिलीच रेस शार्लटला, १९ जून १९४९. ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत बाद झाला. मागच्या स्प्रिंगचे पाटे कडक केलेले निघाले. का? तर ती फोर्ड हातभट्टीच्या दारूची वाहतूक करणारी! डिकीत माल भरला की मागून गाडी बसते आणि पोलिसांच्या डोळ्यावर येते, म्हणून पाट्यांत पाचर मारलेली. दुसऱ्या नंबरवाल्या जिम रोपरला विजेता केलं. चाळीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढली, पण असा 'क्वालिटी रिजेक्शन' नाही बघितला.

जाधव (ए-२०३): हातभट्टीवाले रेसर?? 🤣

काळे (सी-५०४): त्यांच्याहून चांगला ड्रायव्हर कोण असणार? रात्री दिवे बंद करून डोंगरातले रस्ते तुडवलेले. ज्युनियर जॉन्सन तर मोठा रेसर असताना १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला. राष्ट्राध्यक्ष रेगननी १९८६ ला माफी दिली.

जोशी काकू (बी-३०१): बायका नव्हत्याच का त्यात?

देशमुख काका (बी-७०२): होत्या की वहिनी! लुईस स्मिथ म्हणून एक होती, साउथ कॅरोलिनाची. याच ट्रॅकवर तिची गाडी उडून उलटली होती, पत्रा कापून बाहेर काढली तिला. तरी पुन्हा आली. आणि १९४७ ची गोष्ट ऐका. नवऱ्याची नवी कोरी फोर्ड घेऊन बाई डेटोनाला रेस बघायला म्हणून गेली, तिथे रेसमध्ये उतरली आणि गाडीचा चेंदामेंदा केला. घरी येऊन काहीतरी थाप मारली, तर नवऱ्याने पेपर पुढे केला. फोटो आधीच छापून आला होता.

जोशी काकू (बी-३०१): अगं बाई! आमच्याकडे स्कूटरला ओरखडा आला तरी पंचनामा होतो.

रोहन (सी-१०१): काका, पण ट्रॅक बंद का केला? इतका भारी इतिहास असताना?

देशमुख काका (बी-७०२): गावातल्या चर्चवाल्यांना रविवारची रेस नको होती. दारू, गर्दी, गोंगाट. आणि नॅसकारचा मालक बिल फ्रान्स, ज्याने विमानातून ही जुनी घोड्यांच्या शर्यतीची जागा हेरली होती, त्यालाही मोठं काहीतरी हवं होतं. त्याने अलाबामात टॅलाडेगाला जवळपास तिप्पट लांबीचा डांबरी ट्रॅक बांधला, १९६९ ला. मग इथे कोण विचारतो. म्हातारबुवांचा चर्चवर राग नाही, फ्रान्सवर आहे. म्हणे, पाद्री निदान तोंडावर बोलायचे.

रोहन (सी-१०१): मग परत चालू करता येईल ना! नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक केलाच की. १९९६ ला जेफ गॉर्डन जिंकला आणि ट्रॅक बंद. स्टँडमध्ये झाडं उगवली होती. २०१९ ला रेसर डेल अर्नहार्ट ज्युनियरने माणसं जमवून गवत काढलं, गेमसाठी स्कॅन करून घेतला. मी त्यावर सिम्युलेटरमध्ये गाडी चालवतो. पुढचा सरळ भाग उताराचा, मागचा चढाचा. मग सरकारने पैसे दिले, २०२२ ला रेस सुरू, २०२३ ला ऑल-स्टार रेस झाली.

काळे (सी-५०४): रोहन, तिथे डांबर होतं, स्टँड होते, मालकी एका हातात होती. इथे पन्नास वर्षांची झाडं आहेत.

देशमुख काका (बी-७०२): आणि कायद्याने जपलेली जागा आहे आता. खरं सांगू, मला आहे तेच बरं वाटलं. पहिल्या सीझनचे बाकी मातीचे ट्रॅक बहुतेक डांबरी झाले नाहीतर पुसले गेले, पेनसिल्व्हेनियातल्या लँगहॉर्नवर दुकानं झाली. इथे निदान म्हातारा बसायला येऊ शकतो. दुकानात कोण बसू देतं?

काळे (सी-५०४): आमच्या शोलावरमसारखं. मद्रासच्या उत्तरेला, महायुद्धातली विमानाची धावपट्टी. नोकरीला लागल्या लागल्या आम्ही मित्र फेब्रुवारीत रेस बघायला गाडीने जायचो. फियाट, हेराल्ड, राजदूत, यामाहा, सगळं पळायचं. खाली धावपट्टी तापलेली, वर ऊन, सावली नावाला नाही. पुढे मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईला नवा पक्का ट्रॅक झाला आणि शोलावरम संपलं. नवा हजार पटीने सुरक्षित आहे. पण तिथे माझं मन रमलं नाही, हेही खरं.

जाधव (ए-२०३): आमच्या साताऱ्याकडे उलटं झालं. बैलगाडा शर्यत बंदीत कित्येक वर्षं माळ ओस. कोर्टाने २०२३ च्या मे महिन्यात कायदा मान्य केला, आता सीझनला गाडी लावायला जागा नाही. चुलते जुने गाडामालक, सगळे म्हणतात पूर्वीची मजा नाही. बक्षिसात थार-बुलेट ठेवल्यावर गावची पोरं मागे पडणारच.

जोशी काकू (बी-३०१): बंद पडलं तरी रडायचं, चालू झालं तरी रडायचं 😂

देशमुख काका (बी-७०२): एक राहिलंच. निघताना मी विचारलं, पेटीबरोबर कधी पळालात का? म्हातारबुवांचा चेहरा एकदम उजळला. म्हणे, एकदाच मोठ्या रेसमध्ये उतरलो, आणि पेटीने मला किती फेऱ्या मागे टाकलं ते मोजायचं मीच सोडून दिलं. दर वेळी आतून जाताना हात करायचा. हे सांगताना छाती अशी फुगलेली की जणू रेस यांनीच जिंकली.

सेक्रेटरी पाटील: देशमुख साहेब, पेटीबरोबरचा त्यांचा फोटो आहे का? असेल तर टाका.

देशमुख काका (बी-७०२): पाटील, तुम्ही वाचताय होय! रविवारी परत जाणार आहे, विचारतो.

सेक्रेटरी पाटील: जरूर. आणि बी-७०२ चा या तिमाहीचा मेंटेनन्स बाकी आहे. टँकर आला आहे, मोटर चालू केली आहे.