‘अलाति’ म्हणजे ‘उंच’ हे अजून ठरलेलं नाही

तुम्ही म्हणता की हित्तींच्या (आजच्या तुर्कीतलं प्राचीन राज्य) विधीतल्या ‘अह्हाताता अलाति अविएन्ता विलुसाति’ या लुवियन (हित्तीच्या नात्यातली भाषा) ओळीत ‘अलाति’चा अर्थ ‘उंच’ आहे, आणि ‘विलुसा’ म्हणजे ट्रॉय, म्हणजे ग्रीक कवी होमरच्या ‘उंच इलिओस’चाच (ट्रॉयचंच दुसरं नाव) हा जुना उल्लेख. ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांची आणि ती मोहक आहेच. मलाही ती खरी ठरली तर हवीच आहे. पण ओळ जरा जवळून पाहू या.

ही इस्तानुवा या गावाच्या विधिगीतांतली ओळ. सूचना हित्तीत, गाणं लुवियनमध्ये. सुवासुना देवाच्या नावानं पेय प्यायचं आणि मग हे गायचं. ‘अविएन्ता’ म्हणजे ‘ते आले’, इथवर ठीक. आता वादाचे दोन शब्द, ‘अलाति’ आणि ‘विलुसाति’, दोघांनाही ‘-अति’ प्रत्यय, आपल्या भाषेत पंचमी. संस्कृतात ‘उच्चात् पर्वतात्’ म्हणताना विशेषणही विभक्ती घेतं, तसं इथे असू शकतं. पण ‘समुद्राहून, विलुसाहून’ अशी दोन नामं शेजारी आली तरी प्रत्यय हेच लागतील, आणि ‘समुद्र’ हा अर्थही सुचवला गेलाय. म्हणजे व्याकरण इथे निकाल देत नाही. होमरवरून ‘उंच’ अर्थ लावायचा आणि मग त्याच अर्थावरून होमरशी नातं सिद्ध करायचं, हे मला पटत नाही.

निकाल लागेल तो हाच शब्द लुवियनमध्ये दुसरीकडे कुठे, कशाला लावलाय ते तपासून. तिथे तो डोंगराला लावलेला सापडला, तर मी आनंदानं तुमच्या बाजूला येईन.